बाह्य धार्मिकता आणि अंतःकरणातील विश्वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील प्रश्न बहुधा एकांतात विचारले जातात, कारण असा प्रश्न विचारला तर आपला विश्वासच कमी आहे असे लोक समजतील, अशी विचारणाऱ्याला भीती असते. ही भीती बाजूला ठेवावी. पवित्र शास्त्रात हा विषय उत्पत्तीतील काइन व हाबेल यांच्या अर्पणांपासून प्रकटीकरणातील सात मंडळ्यांना (चर्चना) लिहिलेल्या पत्रांपर्यंत सतत येतो, आणि तो देवाच्या लोकांनाच उद्देशून येतो. उत्तरे देताना शास्त्रातील संदर्भ कंसात दिले आहेत. ते उघडून वाचावेत ही विनंती.

बाह्य धार्मिकता आणि खरा विश्वास यांत नेमका फरक काय?

एकच कृती दोन्हींत असू शकते, म्हणून केवळ कृती पाहून फरक ओळखता येत नाही. येशूने सांगितलेल्या परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथातील मनुष्य) व जकातदार (कर गोळा करणारा, लोकांच्या दृष्टीने पापी मनुष्य) यांच्या दाखल्यात (लूक १८:९–१४) दोघेही एकाच मंदिरात, प्रार्थना करण्यासाठीच गेले होते. परूश्याने स्वतःविषयी सांगितलेली माहिती खोटी होती असे दाखल्यात कोठेही म्हटलेले नाही; तो खरोखरच आठवड्यातून दोनदा उपास करीत असेल आणि मिळकतीचा दशांश देत असेल. पण त्याच्या संपूर्ण प्रार्थनेत एकही मागणे नाही. देवाकडून त्याला काही हवेच नव्हते. जकातदाराजवळ दाखवण्यासारखे काही नव्हते, त्याने दया मागितली, आणि नीतिमान ठरून, म्हणजे देवाने निर्दोष म्हणून स्वीकारलेला होऊन, घरी गेला तो जकातदार.

म्हणून या सबंध विषयाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे असे मला वाटते: आपण कोणाच्या नजरेसमोर जगत आहोत? बाह्य धार्मिकतेला पाहणारी माणसे लागतात, आणि माणसे नसतील तेव्हा स्वतःचीच कौतुकाची नजर तिला पुरते. खरा विश्वास देवासमोर उभा राहतो, आणि तेथे लपवण्याचा काही उपयोग नाही हे त्याला ठाऊक असते. इशायाचा थोरला मुलगा अलीयाब याला पाहून शमुवेल प्रभावित झाला, तेव्हा परमेश्वराने त्याला सांगितले की मनुष्य बाहेरचे स्वरूप पाहतो, पण परमेश्वर हृदय पाहतो (१ शमुवेल १६:७). हे ऐकणारा शमुवेल एक अनुभवी संदेष्टा होता, हे विसरू नये.

मग उपासना, उपास, बाप्तिस्मा, प्रभुभोजन या बाहेरच्या गोष्टी निरर्थक आहेत का?

नाहीत. हा निष्कर्ष फार लोक काढतात, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देणे आवश्यक आहे.

संदेष्ट्यांनी बाह्य धर्माचरणावर अत्यंत तीव्र शब्दांत टीका केली आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की त्याला अर्पणांचा वीट आला आहे, आणि हात पसरून केलेल्या प्रार्थना तो ऐकणार नाही, कारण ते हात रक्ताने भरलेले आहेत. आमोसाच्या पाचव्या अध्यायात तो सणांचा तिरस्कार करतो, गीतांचा गोंगाट दूर करायला सांगतो आणि न्याय पाण्याच्या लोंढ्याप्रमाणे वाहू दे असे म्हणतो. मात्र याच शास्त्रात मलाखीचे पुस्तकही आहे, आणि तेथे तक्रार नेमकी उलट बाजूने येते: लोक आंधळी, लंगडी व रोगी जनावरे वेदीवर आणत होते, आणि असा पशू तुमच्या अधिपतीला नजर करून पाहा, तो तुमच्यावर प्रसन्न होईल काय, असे परमेश्वर त्यांना विचारतो (मलाखी १:८). म्हणजे थाटामाटाची उपासना जशी रिकामी असू शकते, तशी उपासनेतील बेफिकिरीही अंतःकरणाची स्थिती उघड करते. दोन्ही ठिकाणी देव एकच गोष्ट शोधत आहे.

येशूचे स्वतःचे जीवन पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. आपल्या परिपाठाप्रमाणे तो शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला असे लूक लिहितो (४:१६). तो सणांना यरुशलेमेस गेला, मंदिरात त्याने शिक्षण दिले, आणि वधस्तंभावरील त्याच्या वेदनेतून बाहेर पडलेले शब्द बाविसाव्या स्तोत्राचे होते. सवयीने म्हटलेली, पाठ झालेली स्तोत्रे त्याच्या ओठांवर मरणाच्या वेळी आली. शास्त्री (नियमशास्त्राचे पंडित) व परूशी यांना दोष देतानाही त्याने दशांश देणे बंद करा असे म्हटले नाही. न्याय, दया व विश्वास या मुख्य गोष्टी करायच्या होत्या आणि त्या दुसऱ्याही सोडायच्या नव्हत्या, असे तो म्हणाला (मत्तय २३:२३).

माणूस केवळ आत्मा नाही, त्याला शरीरही आहे. तो गुडघे टेकतो, गातो, पाण्यात उतरतो, भाकर हातात घेतो. देवाने ही चिन्हे आपल्याला दिली ती आपल्या दुर्बलतेची काळजी घेण्यासाठी. चिन्हाचा गैरवापर होतो म्हणून चिन्ह फेकून देणारा मनुष्य पुष्कळदा नवे चिन्ह तयार करतो, आणि आपण चिन्हे मानत नाही याचाच अभिमान बाळगू लागतो.

परूशी तर काटेकोरपणे धर्म पाळणारे होते. येशू त्यांच्यावरच इतका कठोर का होता?

परूश्यांविषयी आधी एक अन्याय दूर करायला हवा. प्रवचनांतून त्यांचे नाव शिवीसारखे वापरले जाते, पण शुभवर्तमानांतील चित्र इतके एकरंगी नाही. येशू त्यांच्या घरी जेवायला गेला (लूक ७, ११ व १४ हे अध्याय पाहावेत). निकदेम परूशी होता, आणि येशूच्या मरणानंतर त्याच्या देहासाठी गंधरस व अगरू घेऊन तो आला. हेरोद तुझा जीव घ्यायला पाहतो, येथून निघून जा, असा इशारा येशूला देणारेही काही परूशीच होते (लूक १३:३१). गमलियेल या परूशी शिक्षकाने प्रेषितांच्या बाजूने संयमाचा सल्ला दिला, आणि प्रेषित पौलाने आपण परूशी असल्याचे पुढेही उघडपणे सांगितले. परूश्यांच्या नावाआडून यहूदी लोकांविषयी तिरस्कार बाळगणे हे ख्रिस्ती इतिहासातील मोठे पाप आहे, आणि ते ख्रिस्ताच्या शिकवणीला धरून नाही.

तरीही येशूची टीका खरी आहे आणि ती कठोर आहे. तिचे कारण असे की हे लोक देवाच्या सर्वांत जवळ असल्याचे मानले जात, लोक त्यांच्याकडे पाहून देव कसा आहे हे ठरवत, आणि त्यांच्यातील पुष्कळांनी ओझी बांधून दुसऱ्यांच्या खांद्यांवर ठेवली, पण स्वतः बोटही लावले नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात एक उदाहरण येते. आईवडिलांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेले, असे जाहीर केले की मुलगा त्यांच्या पालनपोषणातून मोकळा होत असे. देवाच्या नावाचा उपयोग देवाची आज्ञा टाळण्यासाठी होत होता. धार्मिकता जेव्हा प्रेमाचे कर्तव्य चुकवण्याचे साधन बनते, तेव्हा ती अधर्मापेक्षा अधिक घातक ठरते, कारण तिच्यामुळे विवेकाची टोचणीही थांबते.

मी उपासनेला नियमित जातो, पण मला आतून काहीच वाटत नाही. माझा विश्वास खोटा आहे का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक लोक स्वतःला ढोंगी समजून दुःखी झालेले असतात, आणि हे दुःखच बहुधा त्यांच्या विरुद्ध नव्हे, त्यांच्या बाजूने साक्ष देत असते. ढोंगी मनुष्याला आतल्या रितेपणाचा त्रास होत नाही. तो दिसू नये एवढीच त्याची काळजी असते.

भावना आणि विश्वास या एकच गोष्टी नाहीत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काळोखाच्या उल्लेखावर संपते, त्यात शेवटी आनंदाचा एकही शब्द येत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात प्रार्थना म्हणून ठेवलेले आहे. जो अंधारात चालतो आणि ज्याला प्रकाश नाही, त्याने परमेश्वराच्या नावावर भाव ठेवावा, असे यशया म्हणतो (५०:१०). म्हणजे अंधारात चालणारा मनुष्य देवाचे भय धरणारा असू शकतो, हे तेथे गृहीत आहे. मदर तेरेसा यांची जी पत्रे त्यांच्या मरणानंतर २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांवरून जगाला कळले की त्यांनी अनेक दशके देवाची उपस्थिती न जाणवण्याची वेदना सोसली होती, आणि त्या काळातही त्यांनी प्रार्थना व सेवा थांबवली नव्हती. काही वाचकांना त्या पत्रांमुळे धक्का बसला. मला त्यांत विश्वासाचे एक अतिशय प्रामाणिक रूप दिसते.

अशा काळात प्रार्थनेत न जाणवणाऱ्या गोष्टी जाणवत असल्यासारखे बोलू नये. “प्रभू, मला आज काहीच वाटत नाही, तरी मी आलो आहे” ही पूर्ण प्रार्थना आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रे मोठ्याने वाचावीत. झोप, भूक, कामाची इच्छा हे सगळेच हरवले असेल आणि उदासी अनेक आठवडे टिकून असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. तो आजार असू शकतो, आणि आजारावर उपचार घेणे हा विश्वासातील उणेपणा नाही.

मात्र कोरडेपणाचे दुसरेही एक कारण असते, आणि ते सांगितले नाही तर उत्तर अपुरे राहील. कधीकधी आपण एखादे पाप जाणूनबुजून जवळ ठेवलेले असते, आणि त्याविषयी देवाशी बोलायचे नाही असे मनात ठरवलेले असते. दाविदाने आपल्या अशा मौनाचे वर्णन बत्तिसाव्या स्तोत्रात केले आहे: तो गप्प राहिला तेव्हा त्याची हाडे जीर्ण झाली. दोन्हींपैकी आपली स्थिती कोणती, हे दुसऱ्या कोणालाही आपल्यासाठी ठरवता येत नाही.

माझा जन्म ख्रिस्ती घराण्यात झाला, लहानपणी बाप्तिस्माही झाला. आणखी काय हवे?

लहान मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन व मेथडिस्ट परंपरा तो देतात. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच तो देतात. येथे तो वाद सोडवण्याचा प्रयत्न नाही. बाप्तिस्मा झाला म्हणून पुढे वैयक्तिक विश्वासाची गरजच नाही असे यांपैकी कोणतीही परंपरा शिकवत नाही, एवढे लक्षात घेणे पुरेसे आहे. अब्राहाम आमचा बाप आहे असे मनात म्हणू नका, हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शब्द (मत्तय ३:९) सर्व घराण्यांना लागू होतात.

जॉन वेस्ली हे १७२८ मध्ये धर्मगुरू झाले होते, ऑक्सफर्डमध्ये उपास, प्रार्थना व तुरुंगातील कैद्यांच्या भेटी यांचा कडक नियम पाळत होते, अमेरिकेतील जॉर्जियात मिशनकार्य करून आले होते. आणि तरीही तारणासाठी आपण केवळ ख्रिस्तावर भरवसा ठेवतो आहोत ही खात्री त्यांना २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका लहान सभेत मिळाली. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की ख्रिस्ती धर्म त्यांना सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. दोघांचीही आधीची वर्षे खोटी होती असे मात्र म्हणू नये. वेस्लींनी स्वतः उतारवयात आपल्या पूर्वीच्या स्थितीविषयी अधिक सौम्य मत मांडले: सेवकाचा विश्वास आणि पुत्राचा विश्वास असा फरक ते करू लागले. देव माणसाला बाहेरून आत आणतो तेव्हा अंगणात घालवलेली वर्षेही त्याच्या उपयोगी पडतात.

प्रत्येकाला अशी एक तारीख सांगता येईलच असे नाही. काही जणांचा विश्वास लहानपणापासून हळूहळू वाढतो, आणि तो तितकाच खरा असतो. आज आपण ख्रिस्तावर भरवसा ठेवतो का, हा प्रश्न. कधीपासून, हा दुय्यम.

तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही. मग कर्मांवरून विश्वास कसा पारखायचा?

पौल म्हणतो की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो (रोम ३:२८). याकोब म्हणतो की मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो (याकोब २:२४). दोघेही उदाहरण अब्राहामाचेच देतात, पण त्याच्या जीवनातील वेगवेगळ्या घटनांकडे पाहतात. पौल त्या रात्रीकडे पाहतो जेव्हा अब्राहामाला मूल नव्हते आणि त्याने देवाच्या वचनावर विश्वास ठेवला (उत्पत्ती १५). याकोब त्यानंतर अनेक वर्षांनी झालेल्या इसहाकाच्या अर्पणाकडे पाहतो (उत्पत्ती २२) आणि म्हणतो की तेथे तो विश्वास पूर्ण झाला. पौलासमोर कर्मांवर फुशारकी मारणारा मनुष्य आहे, तर याकोबासमोर उघड्यानागड्या भावाला “सुखाने जा, ऊब घे” असे म्हणून रिकाम्या हाताने पाठवणारा मनुष्य आहे. दोन आजारांवर दोन औषधे लागतात. पौल स्वतःही प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाविषयीच बोलतो (गलती ५:६).

या मुद्द्यावर पाश्चात्त्य मंडळी सोळाव्या शतकात दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक संघटना आणि रोमन कॅथलिक मंडळी यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि २००६ मध्ये मेथडिस्टही तिच्यात सहभागी झाले. सगळे मतभेद मिटलेले नाहीत. पण आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर कृपेनेच देव आपल्याला स्वीकारतो, आणि ती कृपा आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करते, हे त्या घोषणेत दोघांनी मिळून म्हटले आहे.

अन्य भाषा (प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलणे), भविष्यवाणी, रोग बरे करणे हे खऱ्या विश्वासाचे चिन्ह आहे का?

केवळ तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. “प्रभू, प्रभू” म्हणणारे त्या दिवशी भविष्यवाणी, भुते काढणे व महत्कृत्ये यांचा दाखला देतील, आणि माझी तुमची कधीच ओळख नव्हती असे त्यांना ऐकावे लागेल, हे येशूचे शब्द (मत्तय ७:२१–२३) वाचताना कोणालाही हलके वाटू नये. भुते काढण्याचा व रोग बरे करण्याचा अधिकार दिलेल्या बारा शिष्यांत येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योतही होता. करिंथच्या मंडळीत अशा कृपादानांची (पवित्र आत्म्याने दिलेल्या देणग्यांची) कमतरता नव्हती, आणि तीच मंडळी गटबाजीने फाटलेली होती.

याचा अर्थ दाने खोटी असतात असा नाही. अमेरिकेतील नॉर्थम्प्टनचे पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनी आपल्या काळातील संजीवनाच्या लाटेत अश्रू, थरकाप व आरोळ्या जवळून पाहिल्या होत्या. १७४६ मध्ये त्यांनी या प्रश्नावर सविस्तर लिहिले तेव्हा त्यांनी भावनांची थट्टा केली नाही. उलट खऱ्या धर्माचा मोठा भाग पवित्र भावनांतच आहे असे ते म्हणाले. मात्र भावना तीव्र आहे किंवा शरीरावर तिचा परिणाम दिसतो यावरून ती देवापासून आहे किंवा नाही यांपैकी काहीच सिद्ध होत नाही, असे त्यांनी दाखवले, आणि टिकणाऱ्या आचरणाला सर्वांत अधिक वजन दिले. मला हा निकष आजही योग्य वाटतो.

दुसऱ्याचा विश्वास खरा की दिखाऊ, हे मला ओळखता येते का?

शिकवणाऱ्यांची परीक्षा करण्याची आज्ञा आहे. त्यांच्या फळांवरून त्यांना ओळखाल, असे येशू म्हणाला (मत्तय ७:१६). शेजारी बसलेल्या बंधू-भगिनीच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याची मात्र परवानगी नाही. निदणाच्या, म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाच्या, दाखल्यात (मत्तय १३) दासांना निदण उपटण्यास मनाई केली जाते, कारण त्यांच्या हातून गहूही उपटला जाईल. उत्साह असलेल्या माणसांना हा दाखला सर्वांत अवघड जातो.

आमच्या मंडळीतील पुढाऱ्याचे दुटप्पी जीवन उघड झाले. त्याच्याकडून मिळालेला बाप्तिस्मा आणि ऐकलेले वचन वाया गेले का?

नाही. हा प्रश्न फार जुना आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन सत्तेने छळ केला तेव्हा उत्तर आफ्रिकेतील काही धर्मसेवकांनी शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केल्या. अशा माणसांनी दिलेले संस्कार व्यर्थ आहेत असे म्हणून डोनाटिस्ट नावाचा गट वेगळा झाला, आणि हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालला. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्यांना उत्तर दिले की बाप्तिस्मा देणाऱ्याचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. आपल्याला मिळालेले वचन जर खरे होते, तर सांगणाऱ्याच्या पापाने ते खोटे होत नाही.

पण या सांत्वनाचा उपयोग प्रकरण दाबण्यासाठी करू नये. ज्यांना इजा झाली त्यांना “क्षमा करा आणि विसरा” असे सांगून गप्प बसवणे हीच बाह्य धार्मिकतेची सर्वांत क्रूर तऱ्हा आहे, कारण तेथे मंडळीचे नाव माणसापेक्षा मोठे ठरते. गुन्हा घडला असेल, विशेषतः लहान मुलांविरुद्ध, तर पोलिसांकडे जावे. मंडळीची अंतर्गत चौकशी त्याची जागा घेऊ शकत नाही. या लहानांतील एकाला अडखळवणाऱ्याविषयी येशूने जाते गळ्यात बांधून समुद्रात बुडवण्याची भाषा वापरली आहे. पाप करीत राहणाऱ्या मंडळीच्या वडिलांचा (पुढाऱ्यांचा) दोष सर्वांसमक्ष दाखवावा असे पौल तीमथ्याला सांगतो (१ तीमथ्य ५:२०). पश्चात्ताप खरा असेल तरी पद परत मिळण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही.

दान व प्रार्थना गुप्तपणेच करावी का? “तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या” असेही लिहिलेले आहे.

दोन्ही वचने डोंगरावरील एकाच प्रवचनातील आहेत (मत्तय ५:१६ आणि ६:१–६), आणि त्यांत विरोध नाही. पहिल्यात लोक कृत्य पाहून पित्याचे गौरव करतात. दुसऱ्यात कर्ता लोकांनी आपल्याला पाहावे म्हणून कृत्य करतो. भ्यालेले असाल तर उघडपणे करा, कौतुकाची चटक लागली असेल तर लपवून करा, असा व्यवहारी नियम मी सुचवीन.

शास्त्रवचने व प्रार्थनेचे फोटो सोशल मीडियावर टाकणे हा दिखावा आहे का?

ते टाकण्याआधी प्रार्थना झाली होती की नाही, आणि कोणीच प्रतिसाद दिला नसता तरी आपण समाधानी राहिलो असतो का, हे टाकणाऱ्यालाच कळते. ज्याला आपण मदत केली त्याचा चेहरा दाखवू नये; तेथे त्याच्या सन्मानाचाही प्रश्न येतो.

साधे कपडे, दागिने न घालणे, गळ्यात क्रूस यांना काही महत्त्व आहे का?

पेत्र बाहेरच्या शोभेपेक्षा अंतःकरणातील गुप्त मनुष्यपणाची शोभा श्रेष्ठ मानतो (१ पेत्र ३:३–४), आणि पौल इशारा देतो की शरीराला कष्ट देणारे नियम शहाणपणाचे दिसतात, पण देहस्वभावाला आवर घालण्यात ते उपयोगी पडत नाहीत (कलस्सै २:२३). साधेपणा चांगला आहे. तो दुसऱ्यांना मोजण्याची पट्टी झाला की त्याचा उपयोग संपतो.

माझा विश्वास मनात आहे. मग मंडळीची काय गरज?

मंडळीतील ढोंग पाहून दुखावलेल्या माणसाकडून हा प्रश्न येतो तेव्हा त्याला घाईने उत्तर देऊ नये. आधी त्याचे ऐकावे. तरीही शेवटी हे सांगावे लागते की केवळ मनातच राहणाऱ्या विश्वासाची ओळख शास्त्राला नाही. अंतःकरणाने विश्वास आणि मुखाने कबुली हे पौल एकत्र सांगतो (रोम १०:९–१०). प्रीती, क्षमा, सहनशीलता, एकमेकांची ओझी वाहणे, यांपैकी एकही गोष्ट एकट्याने पाळता येत नाही. शिवाय एकांतात आपण स्वतःविषयी काहीही समजू शकतो. आपल्या रागाची आणि हट्टाची खरी ओळख आपल्याला न आवडणाऱ्या बंधूजवळ बसल्यावरच होते. एक मंडळी सोडावी लागली तर सोडावी, आणि दुसरी शोधावी.

मी स्वतःचे परीक्षण कसे करावे?

तुम्ही विश्वासात आहात किंवा नाही याविषयी आपली परीक्षा करा, असे पौल करिंथकरांना लिहितो (२ करिंथ १३:५). ही परीक्षा देवाच्या सान्निध्यात करायची असते. “हे देवा, माझी झडती घेऊन माझे हृदय जाण” ही एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राची विनंती तिच्या आरंभी असावी. एकट्याने स्वतःला उकरत बसलेला मनुष्य एक तर निराश होतो किंवा स्वतःला माफ करून मोकळा होतो.

कोणीही पाहत नसताना मी प्रार्थना करतो का, आणि तेव्हा काय मागतो? माझा दोष कोणी दाखवला तर माझे पहिले वाक्य काय असते? ज्यांच्याकडून मला काही मिळणार नाही, जे माझ्या हाताखाली आहेत, त्यांच्याशी मी कसा बोलतो, आणि मी कसा मनुष्य आहे असे माझ्या घरच्यांना विचारले तर ते मंडळीत दिसणाऱ्या माणसाचेच वर्णन करतील का? दुसऱ्याच्या सेवेचे कौतुक होते तेव्हा मला आनंद होतो की आत काही टोचते? पैशाच्या बाबतीत, विशेषतः ज्याचा हिशेब कोणी मागणार नाही अशा पैशाच्या बाबतीत, मी कसा वागतो? हे प्रश्न मी मुद्दामच साध्या वागण्याविषयी विचारले आहेत, कारण आपल्या भावनांविषयी आपण स्वतःला सहज फसवतो. घरातल्या माणसांना फसवणे कठीण जाते.

यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे वाईट आली म्हणून विश्वास खोटा ठरत नाही. पेत्राने तीन वेळा प्रभूला नाकारले, आणि तो बाहेर जाऊन रडला. शौल राजाने आज्ञा मोडली, आणि पाप कबूल करतानाही तो शमुवेलाला म्हणाला की वडील जनांसमोर माझा मान राख (१ शमुवेल १५:३०). पाप दोघांच्याही हातून घडले. पाप उघडे पडल्यावर कोणाच्या नजरेची चिंता वाटली, यात दोघांचा फरक दिसतो. मार्टिन लूथर यांनी १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच असा आहे की विश्वासणाऱ्याचे सगळे जीवन पश्चात्तापाचे असावे ही ख्रिस्ताची इच्छा आहे. म्हणून अशी परीक्षा एकदा उत्तीर्ण होऊन संपत नाही.

माझे जीवन बराच काळ दिखाऊ होते हे मला कळले आहे. आता काय करावे?

पहिली गोष्ट देवाशी बोलण्याची. एकावन्नावे स्तोत्र शब्द पुरवते, आणि ज्याला ते अर्पण करायचे तो भग्न व अनुतप्त हृदय तुच्छ मानत नाही असे त्यातच लिहिले आहे. नंतर एका विश्वासू, गुप्तता राखणाऱ्या व्यक्तीला सांगावे, कारण एकमेकांजवळ पापे कबूल करण्याची आज्ञा (याकोब ५:१६) ढोंगाची मुळेच सैल करते. हनन्या व सप्पीरा या जोडप्याला आपल्या विकलेल्या जमिनीचे पैसे ठेवून घेण्याचा हक्क होता. पेत्राने त्यांना तसे स्पष्ट सांगितले (प्रेषितांची कृत्ये ५:४). थोडे देऊन सगळे दिल्यासारखे दाखवणे, हे त्यांचे पाप होते. तेव्हा आपण जितके आहोत तितकेच लोकांसमोर दिसू देणे, ही नव्या वागण्याची सुरुवात समजावी. जमत नसलेली सेवा किंवा पद काही काळ सोडणे त्यासाठी आवश्यक असेल तर सोडावे.

ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करावी. जक्कय या जकातदाराने येशूला घरात घेतल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे सांगितले (लूक १९:८). पैसे असतील तर पैसे. एखाद्याची बदनामी केली असेल तर ज्या लोकांसमोर ती केली त्यांच्याचसमोर ती मागे घ्यावी. सर्व मंडळीसमोर उभे राहून सगळा भूतकाळ सांगण्याची गरज बहुधा नसते, आणि त्यातही एक नवा दिखावा शिरू शकतो. कबुली पाप जितके पसरले तितकीच पसरावी: देवाविरुद्धचे गुप्त पाप देवाजवळ, एका माणसाविरुद्धचे त्या माणसाजवळ, आणि मंडळीविरुद्धचे मंडळीजवळ. त्या माणसाला आपल्याला भेटायचे नसेल तर त्याच्यावर भेट लादू नये. भरपाई दुसऱ्या कोणाकरवी पोहोचवावी आणि क्षमा मिळण्याची घाई करू नये.